हवालदारीणबाई आणि आमचा मदत निधी

हवालदारीणबाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी दोनदा विचारणा झाली, "तुम्ही त्या मदत निधीचे सचिव होता, आठवणी लिहा." दोन्ही वेळा मी गुडघ्याचं दुखणं पुढे केलं. गुडघ्याने काही लिहायचं नसतं, हे विचारणाऱ्यालाही कळत होतं.

या बाईंना 'बघू' म्हणता येत नसे. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. माझी सगळी नोकरी 'बघू'वर झाली. चाकणच्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी होतो. पगारवाढ मागितली, बघू. रजा मागितली, बघू. पुढे माझी पत्नी ब्लाउज शिवायला बाईंकडे जाऊ लागली, तेव्हा हा शब्द त्यांच्यासमोर एकदा माझ्या तोंडून गेला. "बघू म्हंजे नाही म्हणायचं बी धाडस नाही," त्या म्हणाल्या आणि टीप मारत राहिल्या.

त्या मूळच्या लातूरकडच्या. नवरा पोलिसात हवालदार, म्हणून सगळे त्यांना हवालदारीणबाई म्हणायचे. राहायला पोलीस वसाहतीत, शिवणाचं दुकान कासारवाडी स्टेशनच्या जवळ. वसाहतीची छतं पावसाळ्यात गळत. तक्रारी करून दमल्यावर एकदा पाहणीला इंजिनिअर आला. बाईंनी बरोबर गळतीखाली खुर्ची मांडली आणि हातात चहा दिला. तो सरकायला लागला तशा म्हणाल्या, "बसा की साहेब. आमी बी हितंच बसतो." त्यांच्या खोलीचं छत त्या महिन्यात दुरुस्त झालं. बाकीच्या बायकांनीही मग आपापल्या खुर्च्या काढल्या.

दुकानात पोलिसांची खाकी यायची आणि कंपन्यांमधल्या कामगारांचे निळे गणवेशही. चाकणचा उठाव झाला तेव्हा वसाहतीतल्या काही जणींनी सांगून पाहिलं, आता निळे कपडे घेऊ नका. बाई म्हणाल्या, "चेन खाकीची बी तुटती अन् निळ्याची बी. दोघांची अब्रू मलाच झाकावी लागती."

उठाव हा कामगारांचा शब्द. आम्ही दंगल म्हणायचो. एका कंपनीने शेकडो कंत्राटी कामगार एका सकाळी गेटवरूनच परत पाठवले, दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या कंपन्यांतलेही बाहेर पडले, महामार्ग अडला, गाड्या पेटल्या, दगड सुरू झाले. त्यात बरेच पोलीस जखमी झाले. बाईंच्या नवऱ्याच्या डोक्याला दगड लागला आणि त्यानंतर त्यांना धड बोलता आलं नाही.

पोलिसांच्या कुटुंबांसाठी उद्योजक आणि व्यापाऱ्यांनी निधी उभारायचं ठरवलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, सचिव म्हणून मला धरलं. जखमींची चौकशी करायला मी दंगलीच्याच संध्याकाळी, निधी ठरायच्याही आधी, भोसरीकडच्या एका दवाखान्यात गेलो होतो. बाई तिथे होत्या. त्यांच्या शेजारी निळ्या शर्टातला एक तरुण उभा होता, दत्ता नावाचा. कंत्राटी फिटर, आदल्याच दिवशी काढलेला. त्यानेच हवालदारांना गर्दीतून बाहेर ओढून टेम्पोत घातलं होतं आणि त्यांच्याच फोनवरून बाईंना कळवलं होतं. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. मी त्याला पाणी प्यायला दिलं.

चार-सहा दिवसांनी पोलिसांनी दत्तालाच उचललं. कुणाच्या तरी मोबाइलमधल्या चित्रणात तो पडलेल्या हवालदारांवर वाकलेला दिसत होता आणि शर्टावर रक्त होतं. बाई तडक माझ्या घरी आल्या.

"साहेब, तुमी बघितलंय त्याला."

"हो, पाहिलंय."

"मग चला, मोठ्या साहेबांना सांगा. माझं एकटीचं कुणी ऐकंना. म्हणतेत, घाबरली हाय, कुणीतरी शिकवून पाठवलीय."

"निधीचा कार्यक्रम होऊ द्या वहिनी, मग बघू."

"कार्यक्रम काय पळून चाललाय? पोरगं आत बसलंय."

मी गेलो नाही. निधी एका सरळ गोष्टीवर जमत होता: शूर पोलीस, माजलेले कामगार. पोलिसाला वाचवणारा कामगार त्यात कुठे बसवायचा? देणगीदारांमध्ये ज्यांनी माणसं काढली तेही होते. आमचे अध्यक्ष मला म्हणाले, "सचिव, उगाच गुंता नको." मला ते पटलं असं नाही. पण सोयीचं वाटलं.

कार्यक्रम चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात झाला. दाराशी भलामोठा फ्लेक्स. वर देणगीदारांचे फोटो, खाली जागा उरली तिथे पोलीस बांधवांना मानवंदना. स्टेजवर लग्नातल्याच तांबड्या मखमलीच्या खुर्च्या. पहिला चेक हवालदारीणबाईंना द्यायचा होता. अध्यक्ष शाल उलगडून पुढे झाले. बाईंनी हात आडवा धरला आणि माइक घेतला.

"माझ्या मालकाला दगड लागला. कुणी मारला मला ठाव नाही. पण उचललं कुणी ते ठाव हाय. दत्ता नावाचं पोरगं हाय. त्याला तुमी आत टाकलंय अन् मला शाल घालायलात. शाल ऱ्हाऊ द्या. चेक द्या, त्यो माझ्या मालकाच्या डोक्याचा हाय, त्यो मी घेणार."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी माइककडे हात नेला. बाईंनी तो माझ्या हातात दिला. "हे साहेब व्हते दवाखान्यात. ह्यांना इचारा."

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्या रांगेत बडे पोलीस अधिकारी बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वहिनी फार मोठ्या धक्क्यातून जात आहेत. आपण त्यांना समजून घेऊ या."

टाळ्या पडल्या.

बाई चिडल्या नाहीत. माइक नव्हता, तरी मागेपर्यंत ऐकू गेलं. "साहेब, धक्का तुमाला बसलाय. बसा खाली." बंदोबस्तावरचे दोन शिपाई हसले. बाईंनी अध्यक्षांच्या हातातून चेक घेतला आणि पायऱ्या उतरून सरळ दत्तासाठी वकील शोधायला गेल्या.

निधीचे पैसे वकिलावर खर्च होतायत, हे कळल्यावर समितीत आरडाओरडा झाला. जाब विचारायला मलाच पाठवलं. बाई मशीनवरून उठल्या नाहीत. "दिलं ते माझं झालं. परत पाहिजे आसंल तर मदत दिली नव्हती, भाडं दिलं व्हतं, आसं पेपरात छापा." एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. वसाहतीत घरोघर जाऊन त्यांनी दत्ताच्या जामिनासाठी पैसे गोळा केले. ज्यांच्या नवऱ्यांच्या हातापायांना प्लास्टर होतं, त्या बायकांनीही दिले. काहींनी दारं लावली. बाई त्याच दारांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मीही पाकीट काढलं. त्यांनी माझा हात मागे ढकलला. "तुमच्यापाशी पैशापरीस मोठं हाय. ते द्या."

दत्ताला जामीन मिळाला, खटला मात्र चालू राहिला. कोर्टात बाईंनी साक्ष दिली. समोरच्या वकिलाने त्यांना आमच्या कार्यक्रमातलं माझं वाक्य वाचून दाखवलं. ते पेपरात छापून आलं होतं.

हवालदार दोन वर्षांनी गेले. खोली सोडावी लागली. सामान भरायच्या दिवशी मी वसाहतीत गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. बाई टेम्पोवाल्याला मशीन कसं आडवं ठेवायचं ते सांगत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माफी मागायला आलाव काय?"

मी शेजारचं एक खोकं उचलून टेम्पोत ठेवलं.

"माझ्यापाशी नका मागू. मी काय करू तिला? खेडच्या कोर्टात जावा. तारखा चालूच हाईत. तिथं हुबं राहून सांगा काय बघितलं ते." मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "चल रे बाबा, ऊन वाढायलंय."

दत्ता पुढे सुटला, पुराव्याअभावी. तोवर कुठल्याही कंपनीने त्याला दारात उभं केलं नव्हतं. निकालाच्या आधी एकदा मी खेडला गेलो होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. दत्ता बाकावर बसला होता, केस विरळ झालेले. मला बघून उठला.

"काका, बसा. पायाला त्रास हाय वाटतं."

मी बसलो. बाई कशा आहेत, विचारलं.

"मावशी गेल्या की. दिवाळीच्या आधी. तुम्हाला कळलं नाही?"

आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो शर्ट नीट करत वळला, मग थांबला. "काका, तुम्ही कुणाच्या साक्षीला आलाय का?"

मी म्हणालो, "नाही रे. सहज आलो होतो."