चौथं शील आणि सटाण्याची पाटी

वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी पंचशील व्हायचं आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज सहादूचा. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, इथवर छताचे पत्रे थरथरायचे. चौथं आलं, खोटं बोलणार नाही, की गडी एकदम गप्प! पाचव्याला, दारू पिणार नाही, परत घुमायला लागायचा. मधल्या त्या एका शीलाला सगळ्या विहाराचा आवाज बारीक व्हायचा. पोरं फिदीफिदी हसायची आणि बायका तोंडाला पदर लावायच्या.

वंदना घेणाऱ्या निवृत्तीदादांनी एकदा त्याला सगळ्यांसमोर खडसावलं. सहादू हात जोडून म्हणाला, "दादा, चार पाळतो. हे एक काय जमत नाय. जमत नसताना म्हटलं, तर देवाशप्पथ... नाय, शपथ बी नको, तर ते बी खोटंच की!" दादा कचेरीत मोठमोठ्या साहेबांना पुरून उरलेले, पण इथे गार पडले. तेव्हापासून सहादूला चौथ्या शीलाची सूट मिळाली.

खोटं तरी कसलं, तर गावांचं. एस.टी.च्या डेपोत तो गाड्यांच्या पाट्या रंगवायचा. दिवसा वणीची पाटी रंगवली, की संध्याकाळी नळावर वणीची हकीगत. स्वतः शहराच्या वेशीवरच्या म्हसरूळच्या पुढे गेलेला नाही! सटाणा तर त्याचं लाडकं गाव. "सटाणं म्हंजे काय लांब? बिडी विझायच्या आत येतं. आन् कांदा असा, की एका कांद्यात पंगत उठते." लोकांना ठाऊक होतं, तरी बादल्या भरून वाहेपर्यंत ऐकत उभे राहायचे.

ब्याऐंशी साली त्याच्या मालनला स्थळ आलं, ते नेमकं सटाण्याचं. मुलगा शाळेत शिक्षक, बाप गेणू गुरुजीही शिक्षक. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे हुंडा नाही, पत्रिका नाही. वंदना झाली की विहारातच सगळ्यांदेखत काय ते विचारायचं आणि ठरवायचं. गुरुजींची अट एकच, मुलगी मॅट्रिक पास हवी. मालन गणितात दोनदा आपटली होती. पण निरोप घेऊन आलेल्या कुसाबाईला सहादूनं ठोकून दिलं, "पहिल्या झटक्यात पास!"

शनिवारी हे मालनच्या कानावर आलं. ती रडली नाही, ओरडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, तुमच्या गोष्टी मला लहानपणापासून आवडतात. पण तुमच्या गोष्टीतली पोरगी होऊन मी सटाण्याला नांदायला जाणार नाही." खरं बोलावं तर सोन्यासारखं स्थळ जातं, न बोलावं तर पोरगी तोंड फिरवते. असा कात्रीत तो जन्मात सापडला नव्हता.

रविवारी पहिल्या रांगेत गुरुजी बसलेले. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला पोरांनी हसायची तयारी केली, आणि सहादूचा आवाज आला. घोगरा, कापरा, पण आला! अख्खा विहार मान वळवून बघायला लागला. निवृत्तीदादा तर पाचवं शील घ्यायचंच विसरले.

तसाच सहादू उठला. "जय भीम, गुरुजी. पोरगी गणितात नापास हाय. दोनदा. पास मी केली तिला. तिचा काय दोष नाय." मग म्हणाला, "आन् सटाणं बी मी पायलेलं नाय."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि मालनला अहिराणी वळणानं विचारलं, "गणिताचं पुस्तक शे का अजून?"

"आहे."

"घेऊन ये मग. लग्नानंतर मी शिकवतो. बापानं एवढ्या लोकांत खरं सांगितलं, त्या घरची पोरगी मला पाहिजे."

लग्न लागलं, मालन गेली. दिवाळीनंतर सहादू तिला भेटायला निघाला, आपणच रंगवलेल्या पाटीच्या गाडीनं. दोन दिवसांनी परतला, तर नळावर ही गर्दी! बायका बादल्या ठेवून उभ्या, पोरं कठड्यावर चढलेली. आज खऱ्याखुऱ्या सटाण्याची हकीगत म्हणजे काय, पर्वणीच.

"सांगा ना सहादूभाऊ, कसं हाय सटाणं?"

सहादूनं बिडी काढली, पेटवली नाही.

"लांब हाय," तो म्हणाला.

"बस्स?"

"लय लांब हाय," म्हणाला, आणि रिकामी बादली उचलून घराकडे चालू लागला.