साडेपाच तास कुणी खाल्ले?

"अकराला आलेल्या पाण्याचा निकाल सकाळी सहाला कसा लागला, बाई? आकाशवाणी झाली?" साहेबांनी रिपोर्ट टेबलावर आपटला.

"सहाला मी घरी पोळ्या लाटत होते, साहेब!"

"मग खाली सही कुणाची?"

सही तिचीच होती. पाणी तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली. सगळे तिला भिंगबाई म्हणत. कुलूप तीनदा ओढून बघणारी, नवरा 'जेवलो' म्हणाला तरी त्याचा डबा उघडणारी बाई. आणि मंगळवारी तिनं रिपोर्टवर छापलेली वेळ न वाचताच सही ठोकली होती. तपासणीचा प्रोग्राम पडदाभर पसरतो, कोपऱ्यातलं घड्याळ झाकून टाकतो. आता मनानेच आकडे लिहिले असं ठरलं, की सहीचा अधिकार जाणार. मग बाटल्या धुवा!

तिची नजर दारात उभ्या दिरावर गेली. कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. नोकरीला तिनंच चिकटवलेला.

"भावोजी, कॉम्प्युटर सुरू करताना हल्ली पडद्यावर मध्येच दोन ओळी येतात. पूर्वी नव्हत्या."

"तुमच्या सिस्टिमच्या जोडीला दुसरी टाकलीय, वहिनी; कुठली लावायची ते त्या ओळी विचारतात. माझ्या कामाला."

"लावा बघू. मोबाईलचं नेट जोडता तसंच जोडा."

"आत्ता कशाला..."

"लावा," साहेब म्हणाले.

त्यानं लावली, बंद केली. पुन्हा बटण दाबताच भिंगबाईनं त्याच्याआधी कळ दाबून निळा सेटिंगचा पडदा उघडला; मशीनचं मूळ घड्याळ तिथं दिसतं. भिंतीवर दोन वाजले होते. पडद्यावर साडेआठ.

"साडेपाच तास कुणी खाल्ले?"

"खाल्ले नाहीत, वहिनी," दीर पुटपुटला. "माझी सिस्टिम नेटवरून वेळ घेते आणि मशीनच्या घड्याळात जगाची प्रमाणवेळ लिहून ठेवते, आपल्याहून साडेपाच तास मागची. सकाळी तुमची सुरू होते, ती तीच इथली वेळ समजते. मी रोज लवकर येऊन नीट करतो."

"मंगळवारी?"

"रजेवर होतो."

साहेबांनी रिपोर्ट उचलला, पुन्हा वाचला आणि सावकाश घडी घालून खिशात ठेवला. भिंगबाईला मात्र हायसं वाटेना. दोन दिवस दीर तिच्यासमोर बसून चहा प्यायला होता. ऑफिसभर कुजबुज चालू होती, तरी गप्प!

"म्हणजे चूक कुठंय ते तुम्हाला ठाऊक होतं. माझी सही गेली असती तरी बोलला नसतात ना, भावोजी?"

दिरानं मोबाईलची वायर काढली, मनगटाला गुंडाळली, आणि तिच्या खांद्याला अंग चुकवत दाराबाहेर पडला.