आण्णांची उचकी

साताऱ्याच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवतो. सगळ्या माणसांची मनं खोल कुठंतरी एकमेकांना जोडलेली असतात, हा धडा दरवर्षी घ्यावा लागतो. पूर्वी रंगवून सांगायचो. आता नुसता वाचून दाखवतो आणि घंटेची वाट बघत बसतो.

आमच्या गावाकडं, कवठे महांकाळला, उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. मग एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला उचकी थांबली, तो आठवण काढणारा. माझे वडील, आण्णा, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना उचकी लागली तेव्हा मी सुट्टीवर घरीच होतो. भावकी झाली, पाव्हणे झाले, पलटणीतले झाले. शेवटी कुंडलच्या त्यांच्या जुन्या सोबत्याचं नाव घेतलं आणि उचकी थांबली.

मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "व्हय, आत्ताच आण्णाची आठवण काढत हुतो बघ."

मला केवढा हर्ष झाला. आयुष्यभर शिकवलेलं घरात खरं ठरलं होतं. तासाभरानं उचकी परत सुरू झाली, तरी माझा हर्ष काही उतरला नाही. आई मागं लागली, "अरं, गाडी बघ. मिरजंला दवाखान्यात न्हेऊया. ही उचकी साधी न्हाई." मी तिलाच समजवत बसलो. आण्णाही हसून म्हणाले, "जरा थांब की. मास्तर सांगतोय न्हवं." दोन दिवस आम्ही नावं घेत बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांना बोलता येईना, तेव्हा गाडी काढली.

किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उचकी त्याचीच होती, दोन दिवस आधी आणायचं होतं. आई शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आण्णा पाचव्या दिवशी गेले.

तेराव्याला कुंडलचा सोबती आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला खरं सांगतो. तवा मी उसाला पाणी पाजत हुतो. आठवण बिठवण काय न्हाई. आण्णाला बरं वाटावं म्हणून व्हय म्हणालो रं." त्याच्यावर काय रागवायचं? त्यानं एक शब्द खोटा सांगितला, मी त्यावर दोन दिवस घालवले. स्वतःचीच चीड येते, पण आता चिडायलाही त्राण उरलेलं नाही.

परवा गावी जेवताना मला उचकी लागली. आण्णांचं नाव अगदी ओठावर आलं होतं. आईनं तांब्या पुढं सरकवला.

"पाणी पी," ती म्हणाली. "आन् सकाळच्या गाडीनं मिरजंला जाऊन दाखवून ये."

एका घोटात उचकी थांबली. तरी सकाळी मी गेलो.