शिडीवाला आज रजेवर?

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे आत्याच्या पलंगाचा पायथा. तिथे शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप आणि मागे कपाटाच्या दारांवर टाचलेली पांढरी चादर. कॅमेऱ्यात ती थेट भिंत वाटते, फक्त पंखा तीनवर गेला की भिंत हलायला लागते. म्हणून पंखा दोनवर आणि वकीलबाई घामाघूम.

वकीलबाई हे आत्याने ठेवलेलं नाव. खरं तर ती कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये सहा आठवडे घरबसल्या इंटर्नशिप करते आहे. असे तीन इंटर्न. शिक्षण संपल्यावर त्यातल्या एकालाच नोकरी मिळणार, हे तिथल्या वरिष्ठ वकील मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शिवाय दोन नियम. एक, पक्षकारांच्या मीटिंगमध्ये इंटर्नने म्यूटवर बसायचं. दोन, कागद मोठ्याने वाचायचा.

"डोळे लबाड असतात," मॅडम म्हणाल्या होत्या. "जे असायला हवं तेच वाचतात. तोंडाने वाच, म्हणजे चूक कानाला टोचते."

दुसरा नियम घरात पेटला. आत्याचा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे ती पलंगावरून हलणार नव्हती. आणि दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

"आत्या, मी गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. तू कानात बोळे घाल."

"बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. अख्ख्या गावाची लफडी या कानांतून गेली. एक तरी बाहेर आलं?"

"लफडी? कुणाची?"

"बघ. आता विचारलंस. सांगितलं का मी?"

शेवटी तडजोड झाली. वाचताना भाचीने कंपनीची आणि माणसांची नावं गाळायची आणि आत्याने बोळे घालायचे. दोघींनी शब्द पाळला. आत्याने जरा सैल पाळला.

काम होतं एका काचेच्या कारखान्याच्या विक्रीचं. कराराला जोडलेली कामगारांची यादी. यादीत जो आहे त्याला नवा मालक ठेवून घेणार, जो नाही तो घरी. भाची वाचत होती.

"एकशे सतरा. भट्टीवाला. नऊ वर्षं. एकशे अठरा. शिडीवाला. एकतीस वर्षं."

"काय वाला?"

"तुझ्या कानात बोळे आहेत ना?"

"आहेत. काय वाला?"

"शिडीवाला."

"एकतीस वर्षं शिडी धरून उभा आहे?"

"कारखान्यातल्या शिड्या सांभाळत असेल गं."

"पाय दुखत असतील बिचाऱ्याचे," आत्या आपला गुडघा चोळत म्हणाली.

शाळेच्या बसच्या दोन फेऱ्यांमध्ये बाबा जेवायला आले होते. ते स्वयंपाकघरातून म्हणाले, "अशी नोकरी असते हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर."

त्या दिवसापासून शिडीवाला घरातलाच झाला. दिवा गेला की "एकशे अठराला बोलवा". माळ्यावरची बॅग काढायची, एकशे अठरा. मसुदा सुधारून आला की यादी पुन्हा वाचली जायची आणि तो नंबर आला की पलंगावरून समाधानाचा हुंकार यायचा.

पाचव्या आठवड्यात सह्यांचा दिवस आला. सह्या चार वाजता. अडीचला शेवटचा मसुदा आणि मॅडमचा निरोप आला : फक्त बदललेली पानं बघ, सात, एकोणीस, चाळीस. तीन वाजता ती बघून झाली. यादीत काही बदललेलं नव्हतं, निदान तसं सांगितलं तरी होतं. तरी तिने यादी काढली. इतक्या दिवसांची ओळख, निरोप घ्यावा म्हणून.

"एकशे सतरा. भट्टीवाला. नऊ वर्षं. एकशे अठरा. पॅकिंग. चार वर्षं. एकशे एकोणीस..."

"शिडीवाला आज रजेवर?"

भाची थांबली. यादीत वर गेली, खाली आली. मागचा मसुदा उघडला, त्यात तो होता. नव्यात नव्हता. आकडे आपोआप वर सरकले होते, त्यामुळे फट कुठेच दिसत नव्हती.

तिने मॅडमना निरोप पाठवला. त्यांनी तो पाहिलाच नाही. त्या मीटिंगमध्ये होत्या, सगळ्यांना पडद्यावर करार दाखवत होत्या. भाचीचाही चौकोन तिथेच एका कोपऱ्यात होता. साडेतीन वाजून गेले.

"मग बोल की," आत्या म्हणाली.

"इंटर्नने बोलायचं नसतं. आणि तो स्वतःच सोडून गेला असेल तर? दोन्हीकडचे चौदा जण बसलेत. माझी नोकरी मिळायच्या आधीच जाईल."

"आणि नसेल गेला, तर त्याची जाईल. एकतीस वर्षांनी."

पंखा दोनवर फिरत राहिला.

"एवढ्या लोकांच्या मध्ये घुसायचं तरी कसं?"

आत्या उशीला टेकून ताठ बसली. "आम्ही दिवसभर तेच करायचो. माफ करा म्हणायचं नाही. माफी मागेपर्यंत ते पुढे गेलेले असतात. समोरच्याने श्वास घेतला की नंबर सांगायचा. नंबर ऐकला की माणूस थांबतो."

भाचीने वाट पाहिली. मॅडम एक कलम संपवून श्वास घ्यायला थांबल्या.

"एकशे अठरा," भाची म्हणाली.

कुणीही थांबलं नाही.

"माईकवर रेघ आहे गं," आत्या पलंगावरून पुटपुटली.

भाचीने रेघ काढली. पुढचा श्वास पकडला. "परिशिष्ट तीन, क्रमांक एकशे अठरा."

चौदा चौकोन गप्प झाले.

"मागच्या मसुद्यात इथे एक कामगार होते. आता नाहीत. कमी केलेत की राहून गेलेत, एवढंच विचारायचं होतं."

कारखान्याच्या मॅनेजरने चष्मा कपाळावर ढकलला. "आमचा शिडीवाला? तो कशाला कमी होतोय? आज सकाळीच माझ्या केबिनचा दिवा बदलून गेला."

यादी इकडून तिकडे उतरवताना ओळ गळली होती. ती परत बसली. सह्या वीस मिनिटं उशिरा झाल्या.

पाच वाजता मॅडमचा फोन आला.

"यादी बघायला तुला सांगितलं नव्हतं. सापडलं कसं?"

मोठ्याने वाचलं म्हणून, एवढं सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं. भाचीने पलंगाकडे पाहिलं. आत्याने दोन्ही कानांत बोळे कोंबले होते, या वेळी अगदी घट्ट, आणि भिंतीकडे तोंड केलं होतं.

"मॅडम, वाचत मी होते, पण पकडलं माझ्या आत्याने. ती याच खोलीत असते. नावं मी वाचली नाहीत, पण बाकीचं तिने ऐकलंय."

भाचीने मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडून टाकलं.

"काय करतात आत्या?"

"टेलिफोन ऑपरेटर होती. आता निवृत्त."

"हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतंस."

"हो मॅडम."

"गोपनीयतेचा एक कागद पाठवते, त्यावर त्यांची सही घे. सोमवारी दुसरी यादी येईल. नऊशे माणसं आहेत. त्यांना वेळ आहे का विचार."

आत्याने तो कागद सहीआधी दोनदा वाचून घेतला आणि स्वतःची प्रत मागितली.

सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दुपारी फर्मचं पत्र आलं. भाचीने ते सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली. "मधली एखादी ओळ राहिली असेल."

पुन्हा वाचलं. काही राहिलं नव्हतं. नोकरी होती, रुजू व्हायची तारीखही होती.

बसच्या किल्ल्या हातात घेऊन बाबा दारात उभे राहिले. "काय गं, दोघी एवढ्या कशाला हसताय?"

"मला विचारू नकोस," आत्या त्यांना म्हणाली. "मी सही केली आहे."