केवल शून्यावरचं ‘नाहीत’

“हे ‘नाहीत’ कुठून आलं?” खोंडे साहेबांनी अकराव्या प्रकरणाचं प्रूफ माझ्यापुढे ठेवलं.

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्ध्याच्या एका प्रकाशन संस्थेत मी भाषांतरकार होतो, खोंडे साहेब संपादक. कॉलेजचं फिजिक्स मराठीत आणायचं काम चालू होतं. माझं शिक्षण संस्कृतचं. नोकरीही अजून कच्चीच होती.

वाक्य असं होतं: ‘केवल शून्य तापमानालाही धातूतले इलेक्ट्रॉन थांबत नाहीत.’ केवल शून्य म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही, ते तापमान. आणि तिसऱ्या प्रकरणात मीच लिहिलं होतं की तिथे कणांची सगळी हालचाल थांबते. ती पानं छापूनही झाली होती.

मूळ इंग्रजी पुस्तक उघडलं. दोन्ही वाक्यं तिथे तशीच होती. मग तर मी पुरताच गोंधळलो.

साहेब म्हणाले, “उष्णताच नाई, तर तो इलेक्ट्रॉन पळून काऊन राह्यला? मले समजावून सांगा, नाई तर वाक्य काढा.”

काढणं सोपं होतं. पण मग ‘नाहीत’ मीच चुकून घातलं होतं, असं ठरलं असतं. सायकल घेतली आणि कॉलेजात दाते सरांना गाठलं. ते फिजिक्स शिकवायचे.

त्यांनी पवनारच्या नदीघाटाचं उदाहरण दिलं. समजा, एका पायरीवर दोघांनाच जागा आहे. खालच्या पायऱ्या भरल्या की नंतर येणाऱ्यांना वर बसावं लागतं. बसणारे म्हणजे इलेक्ट्रॉन; वरची पायरी म्हणजे जास्त ऊर्जा, जास्त वेग. थंडी कितीही वाढो, खाली जागाच नाही, तर वरचे उतरणार कुठे?

“म्हणजे जागा नाही म्हणून ते धावतात?”

“तसंच म्हणा. पण बसलेला माणूस धावतो कसा, ते मला विचारू नका. गणित मला येतं. चित्र माझ्याही डोळ्यांपुढे येत नाही.”

तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य जुन्या सिद्धान्ताचं आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

परत येऊन मी साहेबांना घाट समजावला. त्यांनी प्रूफमधलं ते वाक्य पुन्हा वाचलं.

“तुमाले समजलं?”

“अर्धं.”

“मले तेवढंही नाई. राहू द्या वाक्य.”

तिसऱ्या प्रकरणासाठी शुद्धिपत्र छापलं: ‘जुन्या सिद्धान्तानुसार’ हे शब्द घालून वाचावे. पुस्तक वेळेवर निघालं. माझी नोकरी पक्की झाली.

तेव्हापासून एक पाळलं. वाक्य पटलं नाही, तर आधी जाणकाराला गाठायचं. लाल शाईची दौत त्यानंतर उघडायची.