शनिवारची तेल लावलेली पोळी

मुलीचा परवा पुण्याहून फोन आला. तिने आता कुत्रा पाळलाय आणि उन्हाळा लागल्याबरोबर त्याला गोचिडी झाल्यात. डॉक्टरांनी मानेवर टाकायचे थेंब दिलेत, ते कसे टाकायचे, किती दिवस अंघोळ घालायची नाही, सगळं तिने सविस्तर सांगितलं. मग सहज, हसत म्हणाली, "आणि मी कुणा शेजारणीला त्याला काही खाऊ घालू देत नाही हं बाबा. आपल्या काळ्याचं आठवतं ना?"

फोन ठेवल्यावर मी घरात इतक्या फेऱ्या मारल्या की बायको वैतागली. "बसा हो एका जागी. कूलर लावू का?"

कूलरचा शब्द तिने काढायला नको होता.

आमच्या इकडे, हिंदी मुलखातल्या माधव नगरच्या गल्लीत, तेव्हा केबलची तार नुकतीच आली होती, बँकेत आम्ही कारकून मंडळी कॉम्प्युटर येणार म्हणून धास्तावलो होतो, आणि घरात पहिल्यांदाच मोठा कूलर आला होता. त्याच्या खालची ओली फरशी काळ्याने पहिल्या दिवशीच ताब्यात घेतली. काळा म्हणजे गल्लीतलाच एक कुत्रा, नखापासून शेपटीपर्यंत काळा, आपण होऊन आमच्याकडे राहायला आलेला. त्या ओलीत तो पसरायचा आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी भिंतीवर चढायच्या. कॅलेंडरच्या मागे, गादीच्या शिवणीत, दाराच्या फटीत, कुठेही सापडायच्या. मुलगी दुपारभर त्याच्या कानांतून चिमट्याने एकेक काढून रॉकेलच्या वाटीत टाकायची. दुसऱ्या दिवशी तितक्याच परत.

बायको शाळेत शिकवायची. एका सकाळी ती उशी हातात धरून उभी राहिली. "माझ्या उशीवर होती. आता या घरात एक तर तो राहील, नाही तर मी." मग जरा शांत होऊन, "गुरांच्या दवाखान्यात नेऊन आणा त्याला. मनाने काही लावू नका."

मी दवाखान्यात गेलो नाही. रांगेत कोण बसणार? मंडीजवळच्या खाद-बीजच्या, म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक बाटली काढून दिली. "भैंस को लगाते हैं साब. बाल्टी भर पानी में एक ढक्कन. और चाटने मत देना."

पाणी तर केसांवरून ओघळून जाईल, असं मला वाटलं. आमच्या घरात अंगाला लावायचं कुठलंही औषध तेलातूनच लावायचं. खरूज असो, कोंडा असो, सांधे धरलेले असोत, आई ते तेलात कालवायची. पाण्यातलं वाहून जातं, तेलातलं मुरतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी एक झाकण औषध वाटीभर तिळाच्या तेलात कालवलं. बादलीभर पाण्याचं प्रमाण वाटीत आलं, हे डोक्यातच आलं नाही. आणि शनिवारी सकाळी बँकेत जाण्याआधी, मागच्या ओट्यावर, दिवाळीच्या पहाटे मुलीला चोळायचो तसं त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. तो खुशीत उभा राहिला. बायको तोवर शाळेत गेली होती, मुलगी झोपली होती. वाटी साबणाने घासली आणि बाटली स्कूटरच्या पान्यांमागे ठेवून निघालो.

तेलाचा वास काळ्याच्या ओळखीचा होता, शेजारच्या मौसीजींमुळे. त्यांच्या यजमानांचा भैरवगढ़च्या छापील चादरींचा धंदा. बायको शाळेत आणि मी बँकेत असताना आमची मुलगी त्यांच्याकडेच वाढली. दर शनिवारी मौसीजी एका पोळीला तेल चोपडून काळ्याला घालायच्या. शनीही शांत आणि भैरवाच्या वाहनाचीही सेवा. "पूरे मोहल्ले का शनि ये अकेला सँभाल रहा है," असं म्हणून हसायच्या. त्या शनिवारीही त्यांनी पोळी घातली.

बँक अर्धा दिवस होती. परतलो तर काळा कूलरखाली पडलेला. तोंडातून लाळ, चारही पाय थरथरत होते, मान मागे ओढली जात होती. मुलगी रडत होती. बायको नुकतीच आलेली, तिने रिक्षा थांबवून ठेवली होती. दवाखाना बंद झालेला, म्हणून आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो.

"क्या खाया इसने?" डॉक्टरांनी विचारलं.

"मौसीने रोटी दी थी," मुलगी म्हणाली. "तेल वाली. उसके बाद ही हुआ."

डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटं चोळून पाहिली. "बदन पर कुछ लगाया है?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "मनाने काही लावू नका" असं तिने सांगितलं होतं ना.

"तेल है," मी म्हणालो. "सिर्फ़ तेल."

मग डॉक्टर पोटातल्या विषाचा इलाज करत बसले. मी खरं बोललो असतो तर त्यांनी आधी त्याला साबणाने धुवायला घेतलं असतं. वाचला असता की नाही, ठाऊक नाही. दुकानदाराचं "चाटने मत देना" माझ्या कानात वाजत होतं आणि मी काळ्याचे पाय धरून उभा होतो. दिवेलागणीच्या आधी तो गेला.

मुलगी थेट मौसीजींच्या फाटकाशी गेली. "आपने मारा उसको! आपकी रोटी ने मारा!" मौसीजी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी काळ्याला त्यांनीच दिलेल्या चादरीत गुंडाळत होतो. एवढंच म्हणालो, "आत ये, बेटा." त्याचा अर्थ दोघींनी एकच घेतला, की मलाही तसंच वाटतंय. रात्री बायको म्हणाली, "तेलात भेसळ असेल. मुद्दाम कोण घालेल?" तिनेही आपल्या परीने मौसीजींना माफ केलं होतं. मी ते करू दिलं.

मुलगी पुन्हा त्या घरी गेली नाही. तिच्या लग्नात मौसीजी मागच्या खुर्चीवर बसल्या आणि न जेवता गेल्या.

परवाच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी मी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होते, बाबा." आणि मग, "मौसीला सांगितलंत?" नाही म्हणताच फोन बंद झाला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "तुमच्या तोंडाकडे पाहिलं होतं मी तेव्हा," ती म्हणाली. "उठा. चपला घाला."

मौसीजी खाटेवर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. मला वाटलं होतं, त्या स्वतः निर्दोष आहेत हे त्यांना ठाऊक असणार, इतकी वर्षं त्या फक्त चिडलेल्या असणार.

"भाईसाब," त्या ताटावरून नजर न काढता म्हणाल्या, "उस दिन के बाद मैंने किसी कुत्ते को रोटी नहीं डाली. मुझे लगा मेरे ही तेल में कुछ था. घर में सबने वही तेल खाया था. कितने दिन मैं एक-एक का मुँह देखती रही."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"बिटिया को मालूम है?"

"बता दिया."

"तो उससे कहो, मुझे फ़ोन करे. आप मत आना. वो करे." आणि पुन्हा तांदळातले खडे वेचू लागल्या.

मुलीला मी मौसीजींचा नंबर पाठवलाय. माझा फोन ती उचलत नाही. आज शनिवार. उकाड्यामुळे दोन्ही घरांच्या खिडक्या उघड्या आहेत आणि मौसीजींना ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्या फोनची घंटी मोठी ठेवलेली आहे. ती वाजली की मी उठून खिडकीशी जातो. आत्ताही गेलो होतो. गॅसवाल्याचा फोन होता.

"बसा," बायको म्हणते. पण या वेळी तीही उठून माझ्या मागे आली होती.