आलास, आलीस की आलात

परदेशातल्या एका कार्टून मालिकेचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी खूश झाले. गाणी भरपूर, विनोद भरपूर आणि बोलणारे सगळे प्राणी. एक म्हातारी कासवीण डोंगरातल्या गावात राहते. तिच्या घरी एक बेडूक, एक मुंगूस आणि एक पाणकोंबडी भाड्यानं राहतात. तिघांनी मिळून एक बँड काढलाय आणि ते इतकं वाईट वाजवतात की गावात त्यांना कुणी बोलावत नाही. प्रत्येक भागात एक फजिती आणि दोन गाणी. एवढंच.

भाषांतराला बसलं की अशा गोष्टींमधली भोकं दिसायला लागतात. नुसतं बघणाऱ्याला दिसत नाहीत, कारण तेवढ्यात गाणं सुरू झालेलं असतं. बेडूक एका भागात पाण्याला घाबरून झाडावर चढतो आणि पुढच्याच भागात नदी पोहून पलीकडे जातो. मुंगसाचा हात गळ्यात बांधलेला असतो, पण गाणं लागलं की तो दोन्ही हातांनी ढोल बडवतो. मी हसून पुढं जायची. एकाच ठिकाणी अडले.

घरात खाणारी तोंडं चार, पण कासवीण रोज पाच ताटं वाढते. पाचव्या ताटासमोर कुणी नसतं. सगळे जेवायला बसले की ती त्या रिकाम्या जागेकडे बघते आणि वेळेवर न आल्याबद्दल कुणाला तरी बोलते. मूळ भाषेत ते वाक्य असं होतं की त्यातून बाई की पुरुष, लहान की मोठं, काहीच कळत नव्हतं. मराठीत ती सोय नाही. नाही आलास म्हणावं, नाही आलीस म्हणावं, की नाही आलात? मालिकेत याचं उत्तर कुठंच नव्हतं. मी सगळे भाग दोनदा पाहिले. शेवटी मोघम लिहून टाकलं, ‘आज पण उशीर.’

ध्वनिमुद्रण राजारामपुरीत व्हायचं, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. स्टुडिओ ज्याचा, तोच तिशीतला माणूस यंत्रावर बसायचा. खाली क्लास सुटला की गाड्या सुरू होण्याचा एवढा गोंगाट व्हायचा की काम थांबवावं लागे. मग आम्ही चहा घ्यायचो. कासविणीचा आवाज ज्या देत, त्यांना सगळे आक्का म्हणत. वय सत्तरीला आलेलं, तरुणपणी नाटकांत कामं केलेली, मुरगूडहून एसटीनं यायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायच्या. माइकसमोर उभ्या राहिल्या की बरोबर ‘आले, गेले’ करायच्या.

माझं ते वाक्य वाचून आक्कांनी कागद खाली ठेवला.

“ताई, हे कुणाला म्हणायचं?”

“ते ठरलेलंच नाही, आक्का. मालिकेत सांगितलेलं नाही.”

“आसं कसं? ताट वाढलंय की तिनं.”

“म्हणूनच मोघम लिहिलंय.”

“मोघम लिव्हाय येतंय. मोघम बोलाय येत न्हाई. नवऱ्याला बोलायचं तर आवाज येगळा, पोराला बोलायचं तर येगळा.”

स्टुडिओवाल्याचं मत होतं, नवराच असणार. “‘आज पण वेळेवर आला नाहीत’ करा, लोकांना लगेच कळेल.” मला मात्र ती मुलगी वाटत होती. माझी मुलगी त्याच वर्षी नोकरीसाठी बंगळूरला गेली होती, तेव्हा मला दुसरं काही सुचणं अवघडच होतं. आम्ही दोघं वाद घालत राहिलो. आक्का चहा पीत होत्या. मी मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी फार नम्र होती. “मॅडम, मी तिकडं विचारते. पण लहान मुलं एवढा विचार करत नाहीत हो.”

ते वाक्य तेवढं बाजूला ठेवून आम्ही बाकीचं काम उरकलं. पुढच्या खेपेपर्यंत उत्तर आलं नव्हतं आणि भाग तर द्यायचा होता. आक्का आल्या त्या ठरवूनच.

“ती जाऊ हाय हिची,” त्या म्हणाल्या. “ही थोरली, आन यायची हाय ती धाकटी.”

मला इतके दिवस वाटत होतं, आक्कांच्या घरातलं कुणीतरी गेलेलं असणार, म्हणून त्या ताटापाशी त्या अडल्या. तसं काही नव्हतं. त्यांचं घर भरलेलं होतं. मुलगे, सुना, गोठ्यात म्हशी, आणि थोरली जाऊ अजून धडधाकट.

“लगीन झाल्यावर बी मी नाटकात काम करायचो,” आक्का सांगू लागल्या. “परयोग कवा कागलला, कवा गडहिंग्लजला. घरी यायला उशीर ठरलेला. सासू बोलायची न्हाई, नवरा बोलायचा न्हाई. गप बसायची दोघं. ते लई वंगाळ वाटायचं. थोरली तेवढी बोलायची. ‘आज बी येळंत न्हाई आलीस’ म्हणायची आन ताट फुडं सरकवायची. राग आसायचा तिला, खोटा न्हवं, खराच. माझ्या वाटची भाकरी तीच थापायची की. पर जेवल्याबिगर झोपू द्यायची न्हाई.”

“पण आक्का,” स्टुडिओवाला म्हणाला, “जाऊ कुणाच्या डोक्यात येणार नाही.”

“नगं येऊ दे. कासविणीला म्हाईत आसलं म्हंजे झालं.”

मी खोडून लिहिलं, ‘आज पण वेळेवर नाही आलीस.’ आक्का आत गेल्या, कानाला हेडफोन लावला आणि एकदाच म्हटलं. माझ्या मनातला आवाज ओला होता, वाट बघून थकलेला. आक्कांच्या आवाजात त्रासिकपणा होता. दिवसभर राबलेल्या बाईला आणखी एक काम वाढल्यावर येतो तसा. आणि वाक्याच्या शेवटी आवाज जरा खाली आला, जणू खरोखर कुणीतरी समोर येऊन बसली होती. स्टुडिओवाल्यानं ते परत लावून ऐकलं. पुन्हा घेऊया, असं काही तो म्हणाला नाही.

भाग दाखवला गेल्यावर आक्कांच्या घरी सगळ्यांनी बसून पाहिला. थोरल्या जाऊबाईंनीही. त्या काय म्हणाल्या ते मी विचारलं.

“ती म्हटली, ‘मी आसं कवा बोलायचो? मी तर वरडायचो.’” आक्का हसत होत्या. “मी म्हटलं, व्हय, पर टीव्हीवर एवढं वरडाय देत न्हाईत.”

आमच्या शेजारची दुसरीतली मुलगी तर मला ठामपणे सांगून गेली की पाचव्या ताटावरची ती कासवीण आजीची मैत्रीण आहे, तिला पेटी वाजवता येते आणि ती आली की बँड सुधारणार आहे. हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मी नाही म्हटलं नाही.

उत्तर आलं ते दुसऱ्या वर्षीच्या भागांबरोबर. पाचव्या ताटासाठी पुढं कुणीतरी पात्र आणायचा त्यांचा विचार होता. कोण, ते ठरलं नव्हतं. ज्याच्या डोक्यात ते होतं तो काम सोडून गेला आणि विषय तिथंच राहिला. नव्या भागांत ताटं चारच होती. बदलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. कासवीण गुणगुणत वाढत होती, मंडळी जेवत होती आणि मुंगूस काहीतरी सांडत होता.

आक्कांना हे कसं सांगावं, मला कळेना. खाली क्लास सुटला, काम थांबलं, तेव्हा सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“म्हंजे ती येणार न्हाई.”

“नाही.”

“आन हिला कुणी सांगितलं का तसं?”

“कुणाला?”

“कासविणीला. तिनं ताट काढून ठेवलं म्हंजे तिला कायतरी कळलं आसंल की. कुणाचं पत्र आलं, कुणी निरोप आणला.”

“तसं काही दाखवलेलं नाही, आक्का.”

मलाच वाईट वाटलं, त्या नसलेल्या बाईसाठी की आक्कांसाठी, ते सांगता येणार नाही. मग त्यांनी तो जेवणाचा प्रसंग बघायला मागितला. दोनदा पाहिला. कासवीण खुशीत दिसत होती.

“हितं मी काय म्हणायचं?”

“शब्द नाहीत. नुसतं गुणगुणायचं.”

मला वाटलं, त्या आता सूर पाडणार. पण आत जाऊन आक्कांनी ते खुशीतच गुणगुणलं. ऐकणाऱ्याला बाहेर येऊन भाजी निवडत बसावंसं वाटेल, इतकं मोकळं. त्या बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं.

“लिवणाऱ्यास्नीच ठावं न्हाई त्या धाकटीला काय झालंय,” त्या म्हणाल्या. “मग आपण कशाला हिचं तोंड पाडायचं?”

त्या वर्षीचे सगळे भाग आम्ही वेळेत दिले. मालिका पुढं आलीच नाही. आता आक्का दुसऱ्या एका मालिकेत चेटकिणीचा आवाज देतात. परवा आल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि मला विचारलं, “हिला घरचं कोण हाय का?”

मी म्हटलं, अजून तिथपर्यंत वाचलं नाही. वाचलं की सांगते.